मनगटावरची नावं

२६ सप्टेंबर २००८. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गावात जॉन मॅकेन आणि बराक ओबामा समोरासमोर उभे होते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली ती पहिली जाहीर वादफेरी. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून अकरा दिवस झाले होते, लोकांचं निम्मं लक्ष बाजाराकडे होतं. बोलणं इराकवर आलं तेव्हा मॅकेन यांनी आपल्या मनगटावरच्या ब्रेसलेटबद्दल सांगितलं. न्यू हॅम्पशायरमधल्या एका सभेत एक आई उठून उभी राहिली होती. तिचा बावीस वर्षांचा मुलगा नाताळच्या तोंडावर बगदादजवळ मारला गेला होता. त्याचं नाव कोरलेलं ते ब्रेसलेट तिने मॅकेन यांना घालायला दिलं आणि वचन मागितलं: माझ्या मुलाचं मरण वाया जाणार नाही यासाठी तुमच्या हातात असेल ते सगळं करा.

ओबामांनी उत्तर दिलं की ब्रेसलेट माझ्याही हातात आहे. तेही एका आईनेच दिलेलं होतं, विस्कॉन्सिनमधल्या. त्यावरही तिच्या मेलेल्या मुलाचं नाव होतं. तिचं मागणं मात्र वेगळं होतं. माझ्यावर आली ती वेळ दुसऱ्या कुठल्या आईवर येणार नाही एवढं बघा.

त्या निवडणुकीतली भाषणं, जाहिराती, आकडे आता जुने झाले. या दोन मागण्या मात्र जुन्या होत नाहीत. दोन्ही खऱ्या दुःखातून आल्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत. मेलेल्या मुलाचं मरण सार्थकी लावायचं तर लढत राहावं लागतं, आणि लढत राहायचं म्हणजे आणखी कुणाच्या तरी दारात दोन गणवेशधारी माणसं निरोप घेऊन उभी राहणार. महाभारतात आयांचा शोक स्त्रीपर्वात येतो, अठरा दिवस संपल्यावर. तेव्हा गांधारीने काहीही मागितलं तरी निर्णय कुणाच्याच हातात उरलेला नाही. लोकशाहीत युद्ध चालू असताना निवडणूक आली की हे स्त्रीपर्व मधेच येतं. युद्ध थांबवता येण्यासारखं असताना आया बोलतात आणि त्यांचं ऐकणारा माणूस मतं मागत असतो.

अशा वेळी जो उमेदवार उघडपणे युद्धाच्या बाजूने मतं मागतो, तो नेमकं काय मागत असतो? हा प्रश्न मॅकेन यांच्या उदाहरणावर घासून बघावा असं मला वाटतं, कारण त्या बाजूचा त्यांच्याइतका प्रामाणिक वकील अलीकडच्या काळात दुसरा झाला नाही. एखाद्या भूमिकेला उत्तर द्यायचं तर ती सगळ्यात चांगल्या माणसाच्या तोंडून ऐकून द्यावं.

त्यांचं चरित्र थोडक्यात सांगतो. आजोबा आणि वडील दोघेही अमेरिकी नौदलात चार ताऱ्यांचे ॲडमिरल. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी हनोईवर बॉम्बफेक करताना त्यांचं विमान पाडलं गेलं. दोन्ही हात आणि एक पाय मोडलेल्या अवस्थेत ते शहरातल्याच एका तळ्यात पडले. पुढची साडेपाच वर्षं कैदेत गेली. १९६८ मध्ये वडील पॅसिफिक विभागाचे सरसेनापती झाले तेव्हा व्हिएतनामी अधिकाऱ्यांनी मुलाला लवकर सोडायची तयारी दाखवली. आधी पकडले गेलेले आधी सुटले पाहिजेत, या नियमाला धरून त्यांनी नकार दिला आणि त्याचा मार खाल्ला. १९७२ मध्ये हनोईवर पुन्हा विमानं गेली ती वडिलांच्या अखत्यारीतून, मुलगा त्याच शहरात कोठडीत असताना. २००८ मध्ये त्यांचा एक मुलगा मरीन म्हणून इराकमध्ये जाऊन आलेला होता आणि प्रचारात त्याच्याबद्दल बोलायचं ते टाळत. दुसऱ्यांची मुलं मरायला पाठवणारा नेता हा जो ठरीव आरोप असतो, तो या माणसाला चिकटत नाही.

शिवाय ते डोळे झाकून युद्धाच्या मागे गेले नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्ष जॉर्ज बुश यांना इराकवर चालून जायचा अधिकार दिला, त्यात त्यांचं मत होतं हे खरं. पण सैन्य अपुरं आहे, संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड युद्ध चुकीच्या रीतीने चालवत आहेत, हे ते २००३ पासून सांगत होते. २००५ मध्ये कैद्यांच्या छळाविरुद्धचा कायदा त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला न जुमानता पुढे रेटला आणि सिनेटमध्ये त्याला ९० मतं मिळाली. (फेब्रुवारी २००८ मध्ये हीच बंधनं गुप्तहेर खात्यालाही लावणारं विधेयक आलं तेव्हा मात्र त्यांनी विरोधात मत दिलं. उमेदवारी हाताशी आली होती. मला ते मत त्यांच्या आयुष्याशी बेइमानी करणारं वाटतं.)

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी संसदेची दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाकडून काढून घेतली. इराक हे त्याचं मोठं कारण होतं. दुसऱ्याच दिवशी रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. डिसेंबरमध्ये बेकर-हॅमिल्टन अभ्यासगटाने लढाऊ तुकड्या हळूहळू मागे घ्यायची वाट दाखवली. १० जानेवारी २००७ रोजी बुश यांनी याच्या नेमकं उलट केलं: आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवायची घोषणा केली. पुढे ही वाढ तीस हजारांच्या घरात गेली. देशातल्या बहुसंख्य लोकांना हे नको होतं. मॅकेन यांनी या सैन्यवाढीला नुसता पाठिंबा दिला नाही, आपल्या उमेदवारीचा पायाच तिच्यावर घातला.

त्याची किंमत लगेच दिसली. १ एप्रिल २००७ रोजी ते बगदादच्या शोर्जा बाजारात फिरले आणि परिस्थिती सुधारत असल्याचं सांगितलं. पण अंगात चिलखती जाकीट होतं, भोवती शंभरेक सैनिक होते आणि डोक्यावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. ती छायाचित्रं जगभर गेली. जुलैपर्यंत प्रचाराचे पैसे संपले, मोहिमेचा प्रमुख सोडून गेला, नोकरकपात झाली. स्थलांतरितांविषयीच्या विधेयकामुळे स्वपक्षातले लोकही दुखावले होते, त्यामुळे सगळा दोष इराकला देता येणार नाही. पण उमेदवारी संपली असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. सप्टेंबरात ते बस घेऊन पुन्हा निघाले. त्या दौऱ्याचं नाव होतं ‘नो सरेंडर’, म्हणजे शरणागती नाही. सैनिक संघटनांचे छोटे हॉल, शाळांच्या व्यायामशाळा, गावोगावच्या खुल्या सभा. कुणीही उठावं, काहीही विचारावं. आणि तिथे ते एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत: निवडणूक हरलो तरी चालेल, पण देश युद्ध हरता कामा नये.

८ जानेवारी २००८ रोजी त्यांनी न्यू हॅम्पशायर जिंकलं. नवल असं की तिथल्या रिपब्लिकन मतदारांपैकी ज्यांना युद्ध पसंत नव्हतं, त्यांच्यातही मॅकेन पुढे होते. मताशी असहमत असूनही लोकांनी माणसाचा सरळपणा पाहिला.

हा सरळपणा छोटी गोष्ट नाही. १९१६ मध्ये वुड्रो विल्सन निवडून आले ते देशाला युद्धाबाहेर ठेवल्याच्या पुण्याईवर, आणि पुढच्या एप्रिलमध्ये देश महायुद्धात उतरला. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन सांगत फिरले की आशियातल्या मुलांनी लढायची लढाई लढायला आपण अमेरिकन मुलं धाडणार नाही, आणि वर्षभरात त्यांनी ती धाडली. १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन सन्मानाने शांतता आणण्याच्या गोष्टी करत असताना त्यांच्या गोटातून सायगावला निरोप जात होते की पॅरिसच्या वाटाघाटींची घाई करू नका. २००४ मध्ये मतदान झालं २ नोव्हेंबरला, आणि फलुजावरचा मोठा हल्ला सुरू झाला ७ नोव्हेंबरला. या यादीशेजारी मॅकेन यांना ठेवलं की कळतं, मतदाराला स्पष्ट प्रश्न विचारणारा उमेदवार किती दुर्मीळ असतो. मला हे युद्ध हवं आहे, पटत असेल तर मत द्या. लोकशाहीत यापेक्षा स्वच्छ बोलणं नाही.

तरीही ते वाक्य मला खुपतं. त्यात निवडणूक आणि युद्ध एका तराजूत घातले आहेत, आणि निवडणूक ही जणू उमेदवाराच्या मालकीची वस्तू आहे, जी तो मोठ्या मनाने पणाला लावतो. निवडणूक मतदारांची असते. लढायचं की थांबायचं, हे ठरवायचा त्यांना मिळणारा तो जवळपास एकमेव प्रसंग. उमेदवार म्हणतो की युद्धापुढे निवडणूक क्षुल्लक, तेव्हा तो स्वतःच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलत असतो हे मला कळतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात वेगळं रुजतं. युद्ध हे मताच्या वरचं काही आहे, त्याच्या विरोधात मत देणं म्हणजे आपल्याच सैनिकांना हरवणं.

‘बलिदान व्यर्थ जाऊ देणार नाही’ हे वाक्य आपणही जन्मभर ऐकत आलो आहोत, चौकातल्या फलकांपासून सभागृहातल्या भाषणांपर्यंत. ते ऐकताना कुणाचीही मान खाली जाते, आणि मान खाली गेलेला माणूस प्रश्न विचारत नाही. मेलेल्यांची संख्या जितकी वाढेल तितकं पुढे लढण्याचं कारण वजनदार होत जातं. म्हणजे जे युद्ध थांबवायचं कारण असायला हवं, तेच ते चालू ठेवायचं कारण बनतं. ओबामांनी त्या रात्री याला जे उत्तर दिलं ते मला आजही पुरेसं वाटतं: कुठल्याच सैनिकाचं मरण वाया जात नाही, कारण तो सेनापतीची आज्ञा पाळत असतो. प्रश्न उरतो तो आज्ञा देणाऱ्याच्या निर्णयाचा. सैनिकाचा मान त्याच्या मरणातच पुरा झालेला असतो. तो मिळवून द्यायला आणखी माणसं लागत नाहीत.

इथे कुणी अब्राहम लिंकन यांचं नाव काढेल आणि ते रास्त आहे. मेलेल्यांचं मरण वाया जाऊ नये हा निर्धार गेटिसबर्गच्या दफनभूमीवर १८६३ मध्ये त्यांनीच बोलून दाखवला होता. १८६४ मध्ये यादवी पेटलेली असताना ते युद्धाच्या बाजूनेच मतं मागत होते. मग मॅकेन यांनी वेगळं काय केलं?

फरक मला दोन गोष्टींत दिसतो. २३ ऑगस्ट १८६४ रोजी लिंकन यांना आपण हरणार याची जवळजवळ खात्री होती. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि मंत्र्यांना न वाचताच तिच्यावर सह्या करायला लावल्या. हरलो तर नव्या अध्यक्षाला सूत्रं मिळेपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवायची धडपड आपण करू, असं तिच्यात होतं. निवडणूक पुढे ढकलण्याचा विचारही त्यांनी झिडकारला. लोकांनी नाही म्हटलं तर ते नाही स्वीकारायचं, हे त्या घडी घातलेल्या कागदात होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १८६४ मध्ये लोकांपुढे युद्धाचा हेतू उघड मांडलेला होता, आणि तो दिवसेंदिवस जास्त स्पष्ट होत चालला होता. त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी होती. मत देणाऱ्याला कळत होतं की माणसं मरताहेत ती कशासाठी.

इराकमध्ये नेमका हेतूच गळत गेला. महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत, हे अमेरिकी सरकारच्याच तपास पथकाने २००४ मध्ये लिहून दिलं. मग कारण झालं लोकशाही. मग अल-कायदा, जी सद्दामच्या काळात तिथे रुजलेली नव्हती आणि युद्धानंतर आली. २००८ पर्यंत या सगळ्यातून उरलं एकच कारण: हरायचं नाही. त्या वादफेरीत मॅकेन यांनी ते जवळजवळ शब्दशः सांगितलं. पुढच्या अध्यक्षाला इराकमध्ये जायला हवं होतं की नको हे ठरवायचं नाही, तिथून कधी आणि कसं निघायचं आणि मागे काय ठेवायचं हे ठरवायचं आहे. ऐकायला व्यवहारी वाटतं, आणि ते अर्धं खरंही आहे. पण एवढ्या एका वाक्यात २००२ चं मत, न सापडलेली अस्त्रं, पहिली चार वर्षं, सगळं हिशोबाबाहेर जातं. जॉन, तुम्ही असं दाखवता जणू हे युद्ध २००७ मध्ये सुरू झालं, हे ओबामांचं उत्तर बरोबर त्याच जागी लागलं होतं.

चालू युद्धाच्या बाजूचा उमेदवार मतदारापुढचा प्रश्नच बदलून टाकतो, असं माझं म्हणणं आहे ते यासाठी. ‘हे करावं का?’ या प्रश्नाच्या जागी ‘आपण हरायचं का?’ हा प्रश्न येतो. दुसऱ्या प्रश्नाला होय म्हणणारा मतदार कुठल्याच देशात सापडणार नाही.

सैन्यवाढीला यश आलं, हे मान्य करायला हवं. २००७ हे अमेरिकी सैनिकांसाठी त्या युद्धातलं सगळ्यात घातक वर्ष ठरलं, सुमारे ९०० जण मेले; पण २००८ मध्ये हिंसा झपाट्याने उतरली. ओबामांनीही सप्टेंबर २००८ मध्ये कबूल केलं की यश अपेक्षेबाहेरचं आहे. मॅकेन यांचा अंदाज खरा ठरला होता. मात्र त्या यशात बरंच काही मिसळलेलं होतं. अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदावर उलटल्या त्या २००६ मध्येच, सैन्यवाढीच्या आधी. पुढे अशा हजारो हत्यारबंद माणसांना अमेरिकेने महिन्याचा पगार सुरू केला. मुक्तदा अल-सद्र यांनी ऑगस्ट २००७ मध्ये आपल्या शिया लढवय्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. आणि बगदादच्या मिश्र वस्त्यांमध्ये मारण्यासारखे शेजारी फारसे उरले नव्हते. सुन्नी एकीकडे, शिया दुसरीकडे, मधे काँक्रीटच्या उंच भिंती. चाळीस लाखांहून अधिक इराकी घरातून उठले होते, कुणी देशातच दुसरीकडे, कुणी सीरिया-जॉर्डनमध्ये. शांततेचा आलेख खाली उतरला त्यात या रिकाम्या घरांचाही वाटा होता. प्रचारसभेत आलेख दाखवला जातो, रिकामी घरं दाखवता येत नाहीत.

मॅकेन यांना हे समजत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण एकेकाळी त्यांनीच याच्या उलट बाजूने भांडण केलं होतं. १९८३ मध्ये पहिल्यांदाच निवडून आलेले ते एक साधे प्रतिनिधी होते. लेबनॉनमध्ये मरीन ठेवण्याच्या ठरावावर त्यांनी स्वपक्षाचे अध्यक्ष रेगन यांच्याविरुद्ध मत दिलं. हेतू स्पष्ट नाही, बाहेर पडायची वाट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभरात, २३ ऑक्टोबरला, बैरूतच्या बराकीवर स्फोटकांचा ट्रक आदळला आणि २४१ अमेरिकी सैनिक मेले. १९९३ मध्ये मोगादिशूच्या लढाईत १८ सैनिक गेले तेव्हा सोमालियातून ताबडतोब निघा, असं सिनेटमध्ये सांगणाऱ्यांत ते पुढे होते. तेव्हा त्या १८ जणांचं मरण वाया जाईल, असा मुद्दा त्यांना अडवू शकला नाही. तो त्यांनी बाजूला सारला, कारण त्यांना हेतू दिसत नव्हता. इराकमध्ये हेतू तितकाच धूसर झाला होता. पण तिथे त्यांचं स्वतःचं मत गुंतलेलं होतं. माणूस दुसऱ्याच्या युद्धाचा हिशोब जितक्या थंडपणे करतो तितका स्वतःच्या युद्धाचा करू शकत नाही. मला यात ढोंग दिसत नाही, दुःख दिसतं.

३ जानेवारी २००८ रोजी डेरी या गावातल्या सभेत त्यांना विचारलं गेलं की बुश म्हणतात सैन्य इराकमध्ये पन्नास वर्षं राहू शकेल, तर? शंभर वर्षं राहिलं तरी हरकत नाही, असं मॅकेन म्हणाले. विरोधकांनी तेवढंच उचललं आणि शंभर वर्षांचं युद्ध हवं असणारा माणूस म्हणून त्यांना रंगवलं. तो अन्याय होता. अमेरिकन माणसं जखमी होत नसतील, मरत नसतील तर, जसं जपान आणि दक्षिण कोरियात आहे तसं, ही अट त्यांनी त्याच दमात घातली होती. पण मला अट वाचूनच जास्त धक्का बसतो. आपली माणसं मरत नसतील तर शंभर वर्षं. इराकी माणसांना ते हवं आहे का, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारल्याचं दिसत नाही, प्रश्न विचारणाऱ्यानेही नाही.

आणखी एक गोष्ट प्रचारात दडून राहिली. १९७३ पासून अमेरिकेत सक्तीची भरती नाही. इराकमध्ये लढली ती लोकसंख्येतली एक टक्क्याहूनही कमी माणसं. युद्धासाठी वेगळा कर बसला नाही; कर उलट कमी झाले आणि खर्च कर्जावर चालला. २००३ मध्ये युद्धाचा खर्च किती हे कळल्याशिवाय कर कमी करू नका, असं म्हणत मॅकेन यांनी विरोधात मत दिलं होतं. तेच २००८ मध्ये ती करकपात कायमची करायचं आश्वासन देत होते. युद्ध इतकं मोलाचं असेल तर ते मोल सगळ्यांकडून मागायला हवं होतं. मत मागितलं, पैसा मागितला नाही, मुलगा मागितला नाही. मग मतदाराने कशाच्या जोरावर ठरवायचं की हे युद्ध आपलं आहे?

ज्यांच्याकडून मुलगा घेतला पण मत विचारलं नाही, अशी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत, आणि तीही याच इराकसाठी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये बगदादच्या खाली, तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात उपासमार होऊन जी फौज शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींची माणसं होती. कैदेच्या वाळवंटी वाटेत त्यातली किती मेली याचा धड हिशोब लागला नाही. पुढच्या वर्षी बगदाद घेणाऱ्या ब्रिटिश सेनापतीने जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला आलो नाही, मुक्त करायला आलो आहोत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला आज लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेल्याचं सांगतात. त्यांच्या आयांना कुणी उमेदवार भेटला नाही, त्यांचं मागणं कुणी मनगटावर बांधलं नाही. पुढे २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं. तेव्हा मात्र विचारावं लागलं: संसद होती, विरोधी पक्ष होता, निवडणूक वर्षभरावर होती. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला. अपशिंग्याच्या मुलांची नातवंडं तेव्हा वाचली ती या विचारण्यामुळे, असं मी मानतो.

या लेखात आतापर्यंत ओबामा जिंकल्यासारखे वाटत असतील तर पुढचंही सांगायला हवं. त्याच प्रचारात तेही एका चालू युद्धाच्या बाजूने मतं मागत होते. इराक हे चुकीचं युद्ध, अफगाणिस्तान हे खरं, तिथे आणखी सैन्य पाठवू, हे त्यांचं आश्वासन होतं, आणि ते त्यांनी पाळलं. १ डिसेंबर २००९ रोजी आणखी ३० हजार सैनिक पाठवायची घोषणा त्यांनी केली. ते युद्ध ऑगस्ट २०२१ पर्यंत चाललं आणि तालिबान परत आले. तिथे मेलेल्या सुमारे २,४०० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त २००९ पासून पुढचे आहेत. विस्कॉन्सिनच्या त्या आईने मागितलं होतं की दुसऱ्या आईवर ही वेळ येऊ नये. तेही झालं नाही. मॅकेन यांना इराकबद्दल विचारला गेलेला कठोर प्रश्न ओबामांना अफगाणिस्तानबद्दल २००८ मध्ये फारसा कुणी विचारलाच नाही, आणि मला ही त्या निवडणुकीतली मोठी चूक वाटते.

४ नोव्हेंबरला मतदान झालं. निर्वाचक मतं ३६५ विरुद्ध १७३, ओबामा जिंकले. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता असं विचारलं तेव्हा दहातल्या सहांहून अधिकांनी अर्थव्यवस्था म्हटलं, इराक म्हणणारा दहातला एकच होता. ज्या प्रश्नासाठी एका उमेदवाराने सगळं पणाला लावलं होतं, त्यावर कौल लागलाच नाही.

तो दुसरीकडेच लागला. जुलैमध्ये इराकचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनी अमेरिकी सैन्य सोळा महिन्यांत निघावं या कल्पनेला दुजोरा दिला होता. निवडणूक संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत दोन्ही सरकारांचा करार झाला: ३० जून २००९ पर्यंत शहरांतून, ३१ डिसेंबर २०११ पर्यंत देशातून बाहेर. माघारीची तारीख ठरवणं म्हणजे शरणागती, असं मॅकेन वर्षभर सांगत आले होते. ती तारीख बुश यांच्याच सरकारने मान्य केली, इराकी सरकारच्या आग्रहापुढे. २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हातात पडलं तेव्हा सैन्य लवकर काढल्यामुळे हे झालं, असं मॅकेन म्हणाले. त्यात थोडं तथ्य असेल. पण पगारावर ठेवलेल्या सुन्नी माणसांना मलिकी सरकारने वाऱ्यावर सोडलं, आणि ज्या राजकीय समेटासाठी सैन्यवाढ केली होती तो समेट झालाच नाही, हे जास्त खरं. त्याच वर्षी कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून बगदादला गेले आणि इसिसला मिळायला मोसुलच्या वाटेला लागले. ज्या युद्धाला आपण नाही म्हटलं, त्याची ठिणगी कल्याणपर्यंत आली.

मे २०१८ मध्ये मॅकेन यांचं शेवटचं पुस्तक आलं. मेंदूच्या कर्करोगाने ते तेव्हा थकलेले होते. त्यात त्यांनी लिहिलं की हे युद्ध ही चूकच मानावी लागेल, गंभीर चूक, आणि तिच्या दोषातला आपला वाटा आपण घेतला पाहिजे. तीन महिन्यांनी, २५ ऑगस्टला, ते गेले. इतकं स्वच्छ कबूल करणारे नेते बोटावर मोजण्याइतके असतील आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण हे वाक्य लिहायला दहा वर्षं उशीर झाला होता. २००८ च्या न्यू हॅम्पशायरमध्ये, त्या आईसमोर, ते म्हणता आलं नसतं का? कदाचित कुठल्याच माणसाला आलं नसतं. मुलाच्या नावाचं ब्रेसलेट हातात ठेवणाऱ्या बाईला हे युद्ध चूक होतं असं सांगायला लागणारं धैर्य हनोईच्या कोठडीतल्या धैर्याहून वेगळ्या जातीचं आहे.

मिसिसिपीतल्या त्या रात्री मंचावर दोन ब्रेसलेटं होती. त्या युद्धात मेलेल्या इराकी नागरिकांची नावं आणि आकडे गोळा करणाऱ्यांच्या नोंदी लाखाच्या वर जातात. त्यातलं एकही नाव तिथे कुणाच्या मनगटावर नव्हतं, आणि कुणी इराकी आई कुठल्या उमेदवाराच्या सभेत उठून उभी राहू शकणार नव्हती. १४ डिसेंबर २००८ रोजी बुश माघारीच्या त्या करारावर समारंभाने सही करायला बगदादला गेले. पत्रकार परिषदेत मुंतधर अल-झैदी नावाचा तरुण बातमीदार उठला, त्याने पायातला बूट काढून बुश यांच्या दिशेने फेकला. मग दुसरा फेकला, आणि ओरडला की हा विधवांकडून, अनाथांकडून आणि इराकमध्ये मारल्या गेलेल्यांकडून. बुश वाकले, दोन्ही बूट चुकले. पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडून बाहेर ओढत नेलं. त्याला नऊ महिने तुरुंगात काढावे लागले.